केरसुणी, दगड आणि आमची कुरकूर

मैत्रिणींनो, कुरकूर कोण करत नाही? कुणी मनातल्या मनात करतं, कुणी मोठ्यानं करतं, एवढाच काय तो फरक. मी मोठ्यानं करणाऱ्यांतली. दुधाची पिशवी कोपऱ्यात बारीकशी फुटलेली निघाली, कपबशीतली बशी गेली आणि नुसता कप उरला, धुतलेल्या शर्टाच्या खिशातून कागदाचा लगदा निघाला, की माझं तोंड सुरू झालंच म्हणून समजा. मी तासभर गप्प बसले, तर आमचे ‘हे’ काळजीनं माझ्या कपाळाला हात लावून बघतात!

२०१८ च्या जानेवारीअखेर लेकीच्या बाळंतपणासाठी मी कॅनडाला गेले, तेव्हा डिंक, अळीव आणि मेतकुटाबरोबर ही सवयही माझ्याबरोबर गेली. खरं तर माझं तिकीट मार्चचं होतं. तारीख एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातली. पण लेकीचा रक्तदाब वाढायला लागला, आणि जावई फोनवर, ‘आई, जरा लवकर येता आलं तर बघा,’ एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून मी पुढचं काही विचारलं नाही.

लेक राहते रेजायना गावी. सस्कॅचवान प्रांताची ही राजधानी. चहूकडे गव्हाची सपाट जमीन, वारा अडवायला डोंगर नाही की टेकडी नाही, आणि हिवाळ्यात पारा उणे पंचवीस-तीसपर्यंत उतरतो. बरं, ही थंडी एकटी येत नाही. शंभर बारीकसारीक कटकटी घेऊन येते. जुडीभर कोथिंबीर आणायची, तर पायांत दोन-दोन पायमोजे, वर बूट, अंगात तीन थर, कोट, टोपी, मफलर. आणि एवढं सगळं चढवून दाराशी यावं तर हातमोजा एकच! दुसरा वेळेवर म्हणून सापडायचा नाही. परत आल्यावर बुटांचं बर्फ वितळून दाराशी डबकं व्हायचं आणि नेमका त्यातच आपला कोरडा पायमोजा पडायचा. हवा इतकी कोरडी, की दाराच्या मुठीला हात लावला की चट्कन चटका बसे. फोडणीत मोहरी तडतडली, की छताला बसवलेली धुराची घंटा बोंब ठोकायची. मग एका हातात झारा आणि दुसऱ्या हातात टॉवेल घेऊन मी त्या घंटेला वारा घालत उभी! दही तर लागेचना. (त्यावर उपाय सापडला, तो सांगून टाकते. विरजण लावलेलं पातेलं ओव्हनमध्ये ठेवायचं, ओव्हन तापवायचा नाही, नुसता आतला दिवा चालू ठेवायचा. सकाळपर्यंत कवडीदार दही तयार.)

लेक हसायची. ‘आई, एक वही कर आणि सगळं लिहून ठेव. भारतात गेल्यावर छापायला दे,’ म्हणायची.

८ फेब्रुवारीला तिला दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळी ऑपरेशन करून मुलगी झाली. एकतिसावा आठवडा. वजन एक किलो तीनशे पन्नास ग्रॅम. काचेची पेटी, नाकाशी नळी, पोटात दुधासाठी दुसरी नळी, छातीवर तारा, आणि त्या सगळ्यांत मध्ये कुठंतरी माझी नात. मी हौसेनं शिवून नेलेली झबली तिच्या शेजारी धरली, तर एका झबल्यात अशा दोघी मावल्या असत्या. मी ती परत पिशवीत घातली.

त्या दिवसापासून लेक बोलेनाशी झाली. रडली नाही, चिडली नाही. ‘जेवलीस?’ ‘हो.’ ‘झोप लागली?’ ‘हो.’ तिसऱ्या दिवशी तिला घरी सोडलं, बाळ तिथंच राहिलं. दर तीन तासांनी पंपानं दूध काढायचं, बाटलीवर तारीख-वेळ लिहायची, फ्रिजमध्ये ठेवायचं, दवाखान्यात पोचवायचं. घड्याळ लावून रात्री-अपरात्री उठायची बिचारी. आणि मी? मी दुप्पट कुरकूर करत होते. मला दुसरं काही बोलताच येईना, बायांनो! ‘वाचेल ना गं ती?’ हे ओठांवर यायचं आणि तोंडातून बाहेर पडायचं, ‘इथला चहा किती पांचट!’ एकदा पायमोज्यावरून माझं असंच काही चाललं होतं, तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘आई, पुरे.’

त्यातच एका रात्री फ्रिजमधून पाणी घेताना माझ्या कोपराचा धक्का लागून एक बाटली कलंडली. झाकण नीट बसलं नव्हतं. पाऊण वाटी दूध असेल. पण ते काढायला माझ्या लेकीला अर्धा तास लागला होता, आणि पोरीला दर वेळी मोजून काही मिलिलिटर पाजत होते. मी सिंक धुतलं, बाटली धुतली, आणि कुणाला सांगितलं नाही.

दवाखान्यात बाळाशेजारी एका वेळी थोडीच माणसं थांबू शकत. लेक आत असली की मी बाहेरच्या खोलीत बसायची. तिथं टीव्ही होता, आणि त्या दिवसांत दक्षिण कोरियातल्या प्योंगचांगला हिवाळी ऑलिंपिक चाललं होतं. आपल्याला ऑलिंपिक म्हणजे धावणं, पोहणं, हॉकी. इथं एकेक अजब प्रकार! एक जण चिमुकल्या घसरगाडीवर उताणा पडून, पाय पुढं करून, बर्फाच्या नळीतून ताशी शंभराहून जास्त किलोमीटर वेगानं खाली येतो. त्याला म्हणतात लूज. दुसरा तेच पालथा पडून, डोकं पुढं करून करतो. त्याला स्केलेटन म्हणतात, आणि नाव अगदी चपखल आहे! तिसऱ्या प्रकारात पाठीला बंदूक लावून बर्फावरून कोसच्या कोस घसरत जायचं, आणि छाती भात्यासारखी हलत असताना थांबून नेम धरायचा. नेम चुकला की जास्तीचं अंतर किंवा जास्तीचा वेळ माथी. लूजमध्ये आपला मनालीकडचा शिवा केशवनही होता. १९९८ साली सोळाव्या वर्षी तो पहिल्यांदा हिवाळी ऑलिंपिकला गेला होता. हे त्याचं सहावं आणि शेवटचं. चौतिसावा आला. सहा वेळा, आणि आपल्यातल्या कितीजणींना त्याचं नाव ठाऊक आहे? मला नव्हतं. यावरही मी कुरकुरले, पण ऐकायला कुणी नव्हतं.

होतं, तसं एक जण. शेजारच्या खुर्चीत विणत बसलेल्या एक बाई. पासष्टीच्या पुढच्या, शेतकरी घरातल्या, दोन तासांच्या वाटेवरून मोटारीनं यायच्या. त्यांचा नातू माझ्या नातीच्या पेटीपलीकडच्या पेटीत. माझं इंग्रजी तोडकंमोडकं, पण आज्यांना एकमेकींचं कळतं. त्याही मोठ्यानं कुरकूर करणाऱ्यांतल्या निघाल्या! गाडी लावायला जागा मिळत नाही, कॉफीच्या यंत्रानं पैसे गिळले, लोकरीचा रंग दुकानात एक दिसतो आणि घरी दुसरा. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. टीव्हीवर कर्लिंग लागलं, तेव्हा मात्र त्या विणकाम मांडीवर ठेवून सरसावून बसल्या.

कॅरम खेळणारीला हा खेळ पाच मिनिटांत कळेल, बघा. पंचेचाळीस मीटर लांबीची बर्फाची पट्टी, तिच्या टोकाला रांगोळीसारखी एकात एक रंगीत वर्तुळं. त्या वर्तुळांना म्हणतात ‘घर’! एका संघात चौघी. प्रत्येकीनं दोन-दोन दगड सोडायचे, दोन्ही संघांचे मिळून सोळा. सगळे झाले की घराच्या मध्याला ज्यांचा दगड सगळ्यांत जवळ, त्यांनाच गुण. असे डाव दहा. दगड म्हणजे साधासुधा नाही. मूठ बसवलेला, घासून गुळगुळीत केलेला, एकोणीस-वीस किलोंचा ग्रॅनाइट. ऑलिंपिकचे दगड स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या चिमुकल्या बेटावरच्या खडकाचे असतात. तिथं माणूस राहत नाही, पक्षीच राहतात.

आणि तो बर्फ आरशासारखा गुळगुळीत नसतो हं! त्यावर मुद्दाम पाण्याचे थेंब शिंपडून गोठवतात, म्हणजे बारीक बारीक पुळ्या उठतात. आपण पाट्याला टाकी लावून घेतो ना, तसंच काहीसं. फरक इतकाच, की पाट्याला टाकी लावतात ती पदार्थ अडून वाटला जावा म्हणून, आणि इथं पुळ्या असतात त्या दगड न अडता सरकावा म्हणून. सोडताना मुठीला थोडा पीळ दिला, की दगड जाता जाता एका बाजूला वळतो. असा का वळतो यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही म्हणे.

पण खरी गंमत पुढं आहे. एकीनं दगड सोडला, की दोघीजणी हातांत ब्रश घेऊन दगडाच्या पुढं पुढं बर्फ घासत पळत सुटतात! घासल्यानं बर्फ किंचित ऊबावतो, मग दगड लांब जातो आणि कमी वळतो. म्हणजे बायकांनी जीव खाऊन केर काढायचा आणि त्याबद्दल ऑलिंपिकचं पदक मिळवायचं! मी त्या बाईंना सांगितलं, की आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहतात. त्या म्हणाल्या, ‘बरोबरच आहे!’ त्यांच्या तरुणपणी तर म्हणे खरोखरीचे काड्यांचेच झाडू असत, बर्फावर फटाफट आवाज करणारे, आणि तुटलेल्या काड्या दगडाच्या वाटेत यायच्या ती कटकट निराळी. आता ब्रशाला कापड असतं. २०१५ च्या सुमारास त्या कापडावरूनही मोठं भांडण लागलं. नव्या कापडानं घासलं की दगड हवा तिकडं नेता येतो, मग सोडणारीचं कसब राहिलं कुठं, असं खेळाडूच म्हणू लागले. शेवटी जागतिक संघटनेला कापडाचे नियम ठरवून द्यावे लागले. केरसुणीवरून आपल्या जावाजावांची भांडणं ऐकली होती, जागतिक पातळीवरचं हे पहिलंच!

त्या वर्षी कॅनडाच्या बायका पहिले तिन्ही सामने हरल्या. आमच्या बाईंचा नुसता संताप. पण त्यातल्या एका सामन्यावरून त्या हरण्यापेक्षा जास्त चिडल्या. डेन्मार्कच्या एकीचा ब्रश चालत्या दगडाला चुकून लागला. ह्या खेळात तशी चूक ज्याची त्यानं आपण होऊन सांगायची पद्धत आहे. मग पुढं काय करायचं ते समोरच्या संघानं ठरवायचं. कॅनडाच्या कप्तानबाईंनी तो दगड सरळ उचलून बाहेर काढला. नियमात बसणारंच होतं. ‘पण चूक कबूल केल्यावर थोडं मोठं मन नको का दाखवायला?’ आमच्या बाई सुया आपटत म्हणाल्या. मी काहीच बोलले नाही. माझ्या डोळ्यांपुढं ते धुतलेलं सिंक आलं.

सँड्रा श्मर्लरचं नाव मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. ह्याच प्रांतातल्या बिगर नावाच्या छोट्या गावी १९६३ साली जन्मलेली, पुढं रेजायनात राहणारी मुलगी. (त्या गावच्या पाटीवर लिहिलंय, ‘न्यूयॉर्क मोठं आहे, पण हे बिगर आहे!’ इंग्रजीत ‘बिगर’ म्हणजे त्याहून मोठं. आपल्या मराठीत वाचलं तर भलताच अर्थ व्हायचा.) तिनं आपल्या संघाला १९९३, १९९४ आणि १९९७ असं तीनदा जगज्जेतेपद मिळवून दिलं. १९९७ च्या सप्टेंबरात तिला पहिली मुलगी झाली, आणि नोव्हेंबरात ऑलिंपिकसाठी संघ निवडायची स्पर्धा. आपल्याकडे बाळंतिणीचे कान बांधून तिला वाऱ्याला फिरकू देत नाहीत, आणि ही दोन-अडीच महिन्यांची बाळंतीण बर्फावर उतरून स्पर्धा जिंकली! १९९८ साली नागानोला कर्लिंगमध्ये बायकांना पहिल्यांदाच पदकं द्यायची ठरली होती, त्यातलं सोन्याचं हिच्या संघाला मिळालं. पुढच्या वर्षी दुसरी मुलगी झाली. आणि २ मार्च २००० ला कॅन्सरनं ती गेली. छत्तीस वर्षांची होती. तिचा अंत्यविधी साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिला. नंतर तिच्या नावानं एक निधी उभा राहिला. बायकांच्या राष्ट्रीय कर्लिंग स्पर्धेच्या वेळी टीव्हीवरून लोकांना आवाहन करतात आणि जमलेल्या पैशांतून देशभरातल्या दवाखान्यांना यंत्रं घेऊन देतात. कसली यंत्रं, तर दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या आणि आजारी तान्ह्या बाळांसाठी लागणारी.

हे सांगताना बाईंनी काचेच्या दाराकडे नुसती मान हलवली. आमच्या पेटीत त्यातलं काही होतं की नाही, मी विचारलं नाही.

आता कोरियाच्या पोरींबद्दल. पाचजणी, पाचींचं आडनाव किम, आणि त्यातल्या दोघी सख्ख्या बहिणी. उइसोंग नावाच्या गावाकडच्या. ते गाव लसणासाठी प्रसिद्ध, म्हणून वर्तमानपत्रांनी त्यांना ‘लसूणवाल्या मुली’ करून टाकलं. पाठोपाठ बलाढ्य संघ हरवत त्या वर चढल्या. कप्तान किम उन-जंग. मोठा गोल चष्मा, चेहऱ्यावर रेषा हलायची नाही. पण दगड सुटला की केर काढणाऱ्या मैत्रिणीला हाका: ‘योंगमी! योंग-मीऽऽ! योंगमी योंगमी!’ जोरात घास, थांब, हळू, आता जीव खाऊन घास, सगळं त्या एका हाकेत. कोरियात ही हाक घरोघर झाली. मला त्यात नवल वाटलं नाही. आपलं ‘अहो’ काय वेगळं असतं? चहा झालाय, पाहुणे आलेत, पंखा बंद करा, तुम्ही जरा गप्प बसा. एकाच ‘अहो’त चाळीस वर्षं भागवलीय की!

२३ फेब्रुवारीला कोरिया आणि जपान यांची उपान्त्य फेरी होती. रेजायनात तेव्हा पहाटेचे पाच. लेक दुधासाठी उठलीच होती. मी टीव्ही आवाज बारीक करून लावला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. बाहेर काळोख, खिडकीच्या काचेला आतून बर्फ धरलेलं. कितीतरी वेळ दोघीही बोललो नाही. नुसता पंपाचा आवाज. सामन्याच्या मध्ये विश्रांती झाली, तशा जपानच्या मुली बर्फाच्या कडेला बसून निवांत खाऊ खायला लागल्या. ‘बघ,’ मी म्हटलं, ‘उपान्त्य सामना चाललाय आणि ह्यांना भूक लागलीय.’ लेकीच्या ओठांचा कोपरा जरासा हलला.

मग मला काय झालं कोण जाणे, मी बोलून गेले. ‘अगं, त्या बुधवारी एक बाटली माझ्याकडून सांडली. मी तुला सांगितलं नाही.’

ती टीव्हीकडेच बघत राहिली. माझ्या पोटात गोळा आला.

‘मला माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘बाटल्या मोजून ठेवते मी. आणि तू रात्री दोन वाजता सिंक घासत होतीस. तू कधी रात्री दोनला सिंक घासतेस?’

‘मग बोलली का नाहीस?’

‘काय बोलू?’ आणि मग, मैत्रिणींनो, जे सुरू झालं! ह्या पंपाचा आवाज किती घाण आहे. बाटल्यांवरची चिकटपट्टी निघता निघत नाही. दवाखान्यातल्या खुर्चीची एक बाजू खाली गेलीय, तिनं कंबर मोडते. सगळे विचारतात ‘तू कशी आहेस’ आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत. तुझा तो अळिवाचा लाडू मला आवडत नाही, कधीच आवडला नव्हता. पायमोजे ओले होतात आई, रोज ओले होतात, दाराशी ती चिंधी का नाही ठेवत कुणी? बोलता बोलता ती रडायला लागली, आणि रडता रडताही बाटलीचं झाकण घट्ट बसवून, वर वेळ लिहून माझ्या हातात दिली. मी ती दोन्ही हातांनी धरून फ्रिजमध्ये नेऊन ठेवली.

परत आले तर दहाव्या डावात जपाननं बरोबरी साधलेली. सात-सात. जास्तीचा अकरावा डाव. शेवटचा दगड उन-जंगच्या हातात. तिनं तो सोडला, पोरी केर काढत पळाल्या, आणि मी नि माझी लेक सोफ्यावर बसून ओरडतोय, ‘योंगमी! योंगमी!’ जावई धडपडत उठून आले, त्यांना वाटलं धुराची घंटा झाली! दगड जाऊन घरात नेमका हवा तिथं थांबला. आठ-सात. इतका वेळ दगडासारखा चेहरा ठेवलेली ती उन-जंग रडायला लागली.

अंतिम सामन्यात स्वीडननं त्यांना आठ-तीननं हरवलं आणि रुपेरी पदक मिळालं. पुढं त्याच वर्षी नोव्हेंबरात ह्या मुलींनी आपल्या प्रशिक्षकांच्या वागणुकीविरुद्ध आणि न मिळालेल्या बक्षिसाच्या पैशांबद्दल उघड तक्रार केली, आणि २०१९ च्या सरकारी चौकशीत त्यांचं म्हणणं बरंचसं खरं ठरलं. हसऱ्या फोटोंच्या मागं किती दिवस काय दडपलं होतं, कुणाला ठाऊक! २०२२ ला बीजिंगच्या ऑलिंपिकला त्याच पाचजणी पुन्हा उतरल्या. तेव्हा मी घरी होते. कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता फोनवर सामने बघितले. ‘हे’ म्हणाले, ‘हा काय प्रकार आहे?’ म्हटलं, बसा, सांगते.

बाळाचं पुढं हळूहळू बरं झालं. रोज दोन-दोन तास लेक तिला उघड्या छातीशी धरून बसायची. ह्याला कांगारू पद्धत म्हणतात. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, पेट्या अपुऱ्या पडायच्या त्या दवाखान्यात ही सुरू झाली. आईच्या अंगाची ऊब लेकराला पुरते आणि दूधही चांगलं येतं. तुमच्या ओळखीत कुणाचं बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर डॉक्टरांना ह्याबद्दल जरूर विचारा. शेजारच्या बाईंचा नातू आमच्या आधी आठवडाभर घरी गेला. जाताना त्यांनी विणलेली टोपी माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘रंग चुकलाय, दुकानातला दिवा खोटा होता.’ गुढीपाडव्यानंतर चार दिवसांनी आम्हीही पोरीला घरी आणलं. दोन किलो तीनशे. झबली तेव्हाही ढगळच झाली.

आता ती शाळेत जाते. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा मुलांच्या कर्लिंगलाही जाते. लहान मुलांना हलके दगड देतात. परवा तिचा फोन आला, तर बाईसाहेबांचा आवाज चढलेला.

‘आजी, उशीर होतोय, आणि माझा एकच हातमोजा सापडतोय!’

‘सोफ्याखाली बघ,’ मी म्हटलं. ‘आणि तुझ्या आईला सांग, दाराशी चिंधी टाक म्हणावं.’